गुडइयर: ज्याच्या नावाचे टायर जगभर धावतात, तो स्वतः मात्र कर्जातच गेला

हायवेवर पंक्चरच्या दुकानाची पाटी कधी नीट वाचलीये का? टायर, ट्यूब, हवा, पंक्चर आणि त्याच ओळीत अजून एक अवघड शब्द रंगवलेला असतो, व्हल्कनायझिंग. टायरला मोठी चीर गेली की तिथे कच्च्या रबराचा तुकडा लावायचा, गरम साच्यात दाबून ठेवायचा आणि थोड्या वेळाने तो टायरशी एकजीव होतो. त्या कामाचं हे नाव.

आपल्या नाक्यावर पोचलेल्या या शब्दामागे एका माणसाचं अर्धं आयुष्य आहे. त्याचं नाव चार्ल्स गुडइयर.

नाव ऐकून टायरची कंपनी आठवली असेल. औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरलाही या कंपनीने कारखाना टाकलाय, त्यामुळे आपल्याकडे हे नाव सगळ्यांना माहितीये. पण ही कंपनी चार्ल्सने काढलेली नाही. त्याच्या घरच्यांचाही तिच्याशी संबंध नव्हता. त्याने आयुष्यात मोटारगाडी बघितली नाही आणि तो गेला तेव्हा त्याच्या डोक्यावर जवळपास २ लाख डॉलरचं कर्ज होतं.

मग त्याने नक्की केलं काय? एका ओळीत सांगायचं तर त्याने वाहणाऱ्या रबराला थांबवलं. पण त्यासाठी जी किंमत मोजली ती त्याच्या एकट्याची नव्हती.

आधी बापाचा धंदा बुडाला

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन हे त्याचं गाव. वडील अमासा गुडइयर बटणं, शेतीची अवजारं आणि लोखंडी सामान बनवायचे. पोरगा सतरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला धंदा शिकायला फिलाडेल्फियाला पाठवलं. तो परत आला आणि बापलेकांनी भागीदारीत काम सुरू केलं.

१८२४ मध्ये त्याचं क्लॅरिसा बीचरशी लग्न झालं. दोन वर्षांनी दोघं फिलाडेल्फियाला गेले आणि तिथे हार्डवेअरचं दुकान थाटलं. सुरुवातीला गल्ला चांगला जमायचा. पण दुकान उधारीवर चालत होतं आणि उधारी वसूल होईना. १८३० च्या आसपास धंदा पार झोपला. त्यात चार्ल्सला पोटाचा जुनाट त्रास. सावकार दारात उभे राहायला लागले.

त्या काळी अमेरिकेत कर्ज फेडलं नाही तर थेट तुरुंगात टाकायचे. चार्ल्सच्या आयुष्यात हे पुढे इतक्या वेळा झालं की तुरुंग त्याचं दुसरं घरच बनलं.

एक व्हॉल्व्ह आणि एक वाईट बातमी

वर्ष होतं १८३४. चार्ल्स न्यूयॉर्कमध्ये फिरत असताना रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानापाशी थांबला. तिथे पाण्यात बुडू नये म्हणून वापरायचे हवा भरायचे रबरी पट्टे विकायला ठेवले होते. चार्ल्सला त्यांचा व्हॉल्व्ह काही पटला नाही. त्याने एक पट्टा विकत घेतला, घरी जाऊन जास्त चांगला व्हॉल्व्ह बनवला आणि पैसे मिळतील या आशेने पुन्हा त्या दुकानात गेला.

मॅनेजरला व्हॉल्व्ह आवडला, पण त्याने सांगितलं की खरा लोचा रबरातच आहे.

तेव्हा अमेरिकेत रबराची जोरदार हवा होती. ब्राझीलच्या जंगलातल्या झाडांचा चीक वाळवून आणलेलं रबर पाणी अडवायचं, ताणलं तर ताणायचं. लोकांनी कंपन्या काढल्या, बूट, कोट, टोप्या बनवल्या. थंडीत हा माल दगडासारखा कडक व्हायचा आणि तडकायचा. उन्हाळा आला की त्याचा चिकट, वास मारणारा गोळा व्हायचा. गिऱ्हाईकं हजारो डॉलरचा माल परत आणून टाकत होती. कंपनी बुडायला आली होती.

दुसरा एखादा असता तर तिथूनच हात जोडून परत आला असता. चार्ल्सच्या डोक्यात मात्र रबर शिरलं ते कायमचं.

रबर वितळतं म्हणजे नेमकं काय होतं?

हे चार्ल्सलाही माहीत नव्हतं, कारण ते शास्त्र पुढच्या शतकात कळलं. आपण मात्र आधी समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

मोठ्या टोपात शिजवलेल्या शेवया आठवा. रबर आतून तसंच असतं. अतिशय लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण एकमेकींना बांधलेल्या नसतात. ताणलं की साखळ्या सरळ होतात, सोडलं की पुन्हा गोळा होतात. म्हणून रबर लवचिक.

पण साखळ्या मोकळ्या असल्याने उष्णता वाढली की त्या एकमेकींवरून घसरायला लागतात. सगळा गोळा हळूहळू वाहायला लागतो. थंडीत त्याच साखळ्या आखडतात आणि रबर कडक होतं. म्हणजे उन्हाळ्यातला चिकटा आणि हिवाळ्यातली तडक, दोन्हीचं मूळ एकच. साखळ्यांना बांधून ठेवणारं काही नव्हतं.

तिकडे लंडनमध्ये थॉमस हॅनकॉक नावाच्या कारखानदाराने १८२० मध्ये याच वाहण्याचा फायदा करून घेतला होता. रबराचे उरलेले तुकडे फाडायला त्याने काटे असलेल्या फिरत्या नळकांड्याचं यंत्र बनवलं. तुकडे बारीक होतील असं त्याला वाटलं होतं, पण आतून निघाला गरम, मऊ, मळलेल्या कणकेसारखा एकच गोळा. यंत्रात रगडून साखळ्या तुटल्या होत्या आणि रबर सहज वाहायला, हवा तो आकार घ्यायला तयार झालं होतं. हे गुपित फुटू नये म्हणून हॅनकॉकने यंत्राला नाव दिलं पिकल, म्हणजे लोणचं.

म्हणजे रबराला वाहतं करणं जमलं होतं. आकार दिल्यावर त्याला तिथेच थांबवणं कुणालाच जमत नव्हतं.

तुरुंगात लाटणं मागवलं

न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला परतल्यावर चार्ल्सला कर्जापायी अटक झाली. तुरुंगात त्याने क्लॅरिसाकडून दोन गोष्टी मागवून घेतल्या. कच्चं रबर आणि तिचं स्वयंपाकघरातलं लाटणं. नवरा कोठडीत बसून रबराच्या पोळ्या लाटत होता आणि घरात पोरं होती. क्लॅरिसाला काय वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

त्याचा विचार साधा होता. रबर चिकट आहे ना, मग कणकेला पीठ लावतो तशी कोरडी पूड त्यात मळायची. त्याने मॅग्नेशिया मिसळलं. छान पांढरंशुभ्र रबर झालं, त्याचे बूट बनवले आणि उन्हाळ्यात तेही बसले. मग त्याने रबर कळीच्या चुन्याच्या पाण्यात उकळलं. चिकटपणा गेला, १८३५ मध्ये त्याचं कौतुकही झालं. पण त्यावर सौम्य आम्लाचा एक थेंब पडला तरी रबर पुन्हा चिकट व्हायचं.

मग नायट्रिक ॲसिडचा नंबर लागला. ॲसिड लावल्यावर रबराचा वरचा थर गुळगुळीत आणि कोरडा झाला. बंद खोलीत हे प्रयोग करताना विषारी वायूने तो मरता मरता वाचला. १८३७ मध्ये त्याने या पद्धतीचं पेटंट घेतलं, भागीदार मिळाला, सगळं जुळून आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत बँका कोसळल्या. भागीदार बुडाला. गुडइयर कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर बंद पडलेल्या रबर कारखान्यात राहायला गेलं. तिथे मासे पकडून पोट भरायची वेळ आली.

गडी मात्र रबराचा कोट, रबराची टोपी, रबराचे बूट घालून गावभर फिरायचा. तेवढीच जाहिरात. लोक हसायचे. अंगावर सगळं रबराचं आणि खिशात दमडी नाही, अशी त्याची ओळख झाली होती.

टपालाच्या थैल्यांनी पुन्हा खाली आणलं

पुढे त्याला सरकारकडून टपालाच्या १५० थैल्यांची ऑर्डर मिळाली. त्याने ॲसिडच्या पद्धतीने थैल्या बनवल्या, टांगून ठेवल्या आणि घरच्यांना घेऊन थोडे दिवस बाहेरगावी गेला. परत येऊन बघतो तर उकाड्याने थैल्या मऊ पडून स्वतःच्याच वजनाने खाली आल्या होत्या.

कारण आता आपल्याला कळतं. ॲसिडने फक्त वरची साल सुधारली होती. आतलं रबर तसंच मोकळं होतं आणि ते वाहिलं.

याच सुमारास त्याला नॅथॅनियल हेवर्ड भेटला. हा मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नच्या रबर कारखान्यातला माणूस. रबरात गंधक मिसळून ते उन्हात ठेवलं की पृष्ठभाग कोरडा होतो, हे त्याने शोधलं होतं. चार्ल्सने त्याचे हक्क घेतले.

१८३९ मध्ये वोबर्नलाच ती प्रसिद्ध घटना घडली. गंधक मिसळलेला रबराचा तुकडा गरम शेगडीला लागला. नेहमीप्रमाणे तो वितळायला हवा होता. तो चामड्यासारखा करपला. चार्ल्सने निरखून पाहिलं तर करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी होती, जी करपली नव्हती आणि चिकटही नव्हती. सांगतात की त्याने तो तुकडा रात्रभर बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळीही तो तसाच लवचिक होता.

हा निव्वळ योगायोग होता का? अनेक जण तसंच सांगतात. चार्ल्सला मात्र ते आवडायचं नाही. जो माणूस पाच वर्षं हीच एक गोष्ट शोधत होता, त्यालाच त्या करपलेल्या तुकड्याचा अर्थ लागला, असं त्याचं म्हणणं होतं.

शेवयांच्या भाषेत सांगायचं तर उष्णतेमुळे गंधकाने शेजारच्या साखळ्यांमध्ये जागोजागी गाठी मारल्या होत्या. आता साखळ्या ताणल्या जाणार होत्या, पण घसरणार नव्हत्या. उन्हाळा असो की हिवाळा, रबर जागच्या जागी राहणार होतं.

सापडलं, पण नेमकं कसं ते कळेना

पण इथे गोष्ट संपत नाही. खरं तर सगळ्यात वाईट दिवस यानंतरच आले.

किती गंधक, किती उष्णता, किती वेळ, यातलं काहीच माहीत नव्हतं. उष्णता कमी पडली तर रबर चिकट राहायचं, जास्त झाली तर कोळसा. चार्ल्स क्लॅरिसाच्या भाकऱ्या भाजून झाल्या की तिच्या भट्टीत रबर ठेवायचा. गावातल्या लोहारांना, कारखानदारांना थोडा वेळ भट्टी द्या म्हणून विनवायचा. शेवटी त्याच्या लक्षात आलं की दाबाखालची वाफ, साधारण १३० अंश सेल्सिअस तापमान आणि चार ते सहा तास, हे गणित बसतं.

हे गणित बसेपर्यंत घरात काय उरलं होतं? भांडीकुंडी गहाण पडली. पोरांची शाळेची पुस्तकं विकली गेली. ऐन हिवाळ्यात घरात अन्न नाही, जळण नाही, अशा अवस्थेत आजारी चार्ल्स बर्फातून पायपीट करत ओळखीच्या माणसाकडे मदत मागायला गेला. त्याच काळात त्याचा लहानगा मुलगा गेला. चार्ल्सची सगळीच मुलं मोठी झाली नाहीत, अनेक लहानपणीच दगावली.

आज आपण याला जिद्द म्हणतो, कारण प्रयोग यशस्वी झाला. फसला असता तर हीच गोष्ट बायकापोरांना उपाशी ठेवणाऱ्या वेड्याची म्हणून सांगितली गेली असती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या आहेत.

अखेर विल्यम डी फॉरेस्ट हा त्याचा श्रीमंत मेहुणा मदतीला आला. त्याचा लोकरीच्या कापडाचा धंदा होता. त्याच्या पैशावर काम पुढे सरकलं आणि १५ जून १८४४ रोजी चार्ल्सला अमेरिकेत ३६३३ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

तिकडे लोणचंवाल्याने डाव साधला

पेटंट घ्यायला पाच वर्षं लागली, त्याचा फटका बसलाच. गुंतवणूकदार मिळावेत म्हणून नव्या रबराचे काही तुकडे इंग्लंडला पाठवले गेले होते. ते १८४२ मध्ये कुणाच्या हाती पडावेत? यंत्राला लोणचं नाव देणाऱ्या त्याच थॉमस हॅनकॉकच्या. रबरावर गंधकाची पिवळसर झाक होती. मुरलेल्या कारखानदाराला तेवढा इशारा पुरेसा होता. वर्षभर खटपट करून त्याने स्वतःची पद्धत बसवली आणि १८४३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये अर्ज टाकला. चार्ल्सचा अर्ज तिथे पोचायला काही आठवडे उशीर झाला.

व्हल्कनायझेशन हे नावही हॅनकॉकच्या मित्राने, विल्यम ब्रॉकडनने दिलेलं. व्हल्कन हा रोमन लोकांचा अग्निदेव. आपल्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर आजही तोच देव बसलाय. १८५५ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने हॅनकॉकचं पेटंट कायम ठेवलं.

अमेरिकेतही अनेकांनी चार्ल्सची पद्धत बिनदिक्कत वापरली. होरेस डे या कारखानदाराविरुद्धचा खटला १८५२ मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला उभा राहिला. चार्ल्सच्या बाजूने होता डॅनियल वेबस्टर, तेव्हा देशाचा परराष्ट्रमंत्री आणि नावाजलेला वकील. फी १५ हजार डॉलर, त्या काळात डोळे पांढरे करणारी रक्कम. चार्ल्स जिंकला. पण असे खटले चालवण्यात आणि वसुली करण्यात जे गेलं, त्याच्या मानाने हातात फार थोडं आलं.

त्यात पैसा राखणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने रबराचं एक अख्खं दालन उभं केलं. फर्निचरपासून दागिन्यांपर्यंत सगळं रबराचं. १८५५ ला पॅरिसमध्ये त्याहून मोठा थाट केला. तिथे पदक मिळालं, सम्राट तिसऱ्या नेपोलियनकडून लिजन ऑफ ऑनर हा सन्मानही मिळाला. पण फ्रान्समधलं पेटंट तांत्रिक कारणावरून रद्द झालं, देणी थकली आणि सन्मानाचा तो क्रॉस घेताना चार्ल्स पॅरिसच्या कर्जदारांच्या तुरुंगात होता.

क्लॅरिसा हे बघायला नव्हती. ती १८५३ मध्येच गेली होती. लाटणं देणारी, पुस्तकं विकताना बघणारी, पोरं पुरणारी क्लॅरिसा कुठल्याच पेटंटवर नाही.

१८६० च्या उन्हाळ्यात मुलगी अत्यवस्थ असल्याचं कळून चार्ल्स तिच्याकडे निघाला. न्यूयॉर्कला पोचल्यावर ती गेल्याची बातमी मिळाली. तो कोसळला आणि १ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात वारला. वय ५९.

त्यानंतर ३८ वर्षांनी, १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंगने ओहायोतल्या ॲक्रन शहरात टायरची कंपनी काढली आणि चार्ल्सचा मान म्हणून तिला गुडइयर नाव दिलं.

चार्ल्सचं कोडं आजही रोज सुटतं

आज टायर बनवताना एकटं झाडाचं रबर क्वचितच वापरतात. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे ताब्यात घेतले आणि अमेरिकेला कारखान्यात कृत्रिम रबर बनवावं लागलं. तेव्हापासून दोन्हींचं मिश्रण रुळलं. झाडाचं रबर, जे केरळमध्ये आणि आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूलाही पिकतं, ते फाटायला चिवट असतं आणि कमी तापतं. एसबीआर नावाचं कृत्रिम रबर घासलं जाऊनही कमी झिजतं. ट्रकच्या टायरमध्ये पहिल्याचं प्रमाण जास्त, कारच्या टायरच्या वरच्या पट्ट्यात दुसऱ्याचं.

पण दोघांना एकत्र वाहायला लावणं सोपं नाही. यंत्रात रगडलं की झाडाचं रबर पटकन मऊ पडतं, एसबीआर तितकं पडत नाही. एक पातळ आणि एक घट्ट असेल तर पातळ रबर घट्ट रबराच्या गोळ्यांभोवती पसरतं आणि नीट मिसळत नाही. टायरला काळा रंग आणि ताकद देणारी काजळीही मग दोघांत सारखी वाटली जात नाही. त्यात गंधकाच्या गाठी झाडाच्या रबरात आधी पडतात, एसबीआरमध्ये उशिरा.

म्हणून कारखान्यात मिश्रणाचा घट्टपणा सतत मोजतात. त्यासाठीचं यंत्र मेल्विन मूनी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये बनवलं. गरम कप्प्यात रबर भरायचं, त्यात एक चकती फिरवायची आणि ती फिरवायला किती जोर लागतो ते बघायचं. कच्च्या रबरासाठी साधारणपणे १०० अंश तापमान, एक मिनिट तापवणं आणि चार मिनिटं फिरवणं. जेवढा आकडा मोठा, तेवढं रबर घट्ट.

हा सगळा खटाटोप वेळ साधण्यासाठी. मिश्रण साच्याच्या प्रत्येक खाचेत वाहून पोचलं पाहिजे आणि त्यानंतरच गाठी पडल्या पाहिजेत. गाठी आधी पडल्या तर रबर अर्ध्या वाटेतच अडतं आणि माल भंगारात जातो. उशिरा पडल्या तर टायर कच्चा राहतो.

किती उष्णता, किती गंधक, किती वेळ. क्लॅरिसाच्या भट्टीसमोर बसून चार्ल्स याच तीन प्रश्नांशी झगडत होता. पुढच्या वेळी पंक्चरवाला चीर पडलेला टायर गरम साच्यात दाबून घड्याळाकडे बघताना दिसला, तर तोही तेच बघत असतो.